धुरपाईचं बेट

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे गुडघे कुरकुरायला लागले त्याच्याही कितीतरी आधीची, म्हणजे खरंच फार जुनी. घाटमाथ्यावर कळकेवाडी होती. अजून आहे. सगळं गाव कळक, म्हणजे जाड बांबू, तोडायचं आणि सुपं-टोपल्या विणायचं. तिरका तोडलेला कळकाचा खुंट भाल्यासारखा उभा राहतो. पाय घसरला की माणूस त्याच्यावरच जायचा.

तिथं एक समज होता. कळक अंगात राहिला तर मूळ धरतो. म्हणून घुसलेला कळक घरच्या माणसानं जागच्या जागी उपसायचा.

धुरपा लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आतच तिचा नवरा रावजी खुंटावर पडला. खुंट मांडीत मोडून राहिला. रावजी शुद्धीत होता, तंबाखू मागत होता. सासू म्हणाली, "उपस गं धुरपे." धुरपानं उपसला. मागोमाग रक्त उसळलं, ते थांबेचना. कुणीतरी तंबाखू मळत होतं, ती मळून व्हायच्या आत रावजी गेला.

असं म्हणतात, तो कळक मांडीवर घेऊन धुरपा कितीतरी दिवस उंबऱ्यात बसून होती. उठली तेव्हा तिला कळलं होतं. कळक बुचासारखा बसला होता, आणि बूच तिनंच काढलं होतं.

पुढच्या साली दीर पडला, भिवा. सासूचा उरलेला एकच मुलगा. खुंट मांडीतून आरपार. माणसं उपसायला धावली, तशी धुरपा आडवी बसली.

"हात लावू नगा."

सासू म्हणाली, "एक खाल्लास. आता ह्यो बी खा."

धुरपानं करवत मागितली. तिनं खुंट जमिनीलगत करवतीनं हळूहळू कापला, मांडीत तसाच ठेवला, आणि दोन्हीकडून लुगड्याच्या घड्या लावून हलणार नाही असा बांधला. मग भिवाचे डोळे झाकले आणि त्याच्या पायाचं एक बोट धरलं.

"कुठलं बोट, भावजी?"

"करंगळी. गुदगुल्या नका करू, वैनी."

"हसा. हसताय तवर पाय जिता हाय."

घाटाखालच्या गावात एक डॉक्टर होता. घराचं दार उचकटून, त्यावर भिवाला घालून माणसं निघाली. धुरपा बाजूनं चालत होती, एक हात घोट्यामागच्या नाडीवर. अर्ध्या घाटात बोटं गार पडली.

"कुठलं बोट, भावजी?"

"धरलंय व्हय?" भिवा म्हणाला.

असं म्हणतात, तेव्हा धुरपानं फक्त घाटाकडे बघितलं आणि घाट आखडला. दोन्हीकडचे कळक वाकून बाजूला झाले. नेणाऱ्यांना पाय जमिनीला लागल्याचं आठवत नव्हतं. मी तो घाट एकदा उतरलेय. माझ्यासाठी तो तसूभरही आखडला नाही, उलट लांबलाच असावा.

डॉक्टरनं जखम उघडली, तुटलेली शीर बांधली आणि मगच कळक काढला. भिवा जगला, लंगडत जगला. करंगळी कायमची मुकी झाली. सासूनं धुरपाला माफ केलं असं कुणी म्हणत नाही, पण तिच्यासाठी भाकरी झाकून ठेवायला लागली.

मग धुरपाची धुरपाई झाली. कुणाच्या दंडात कोयत्याचं टोक गेलं, कुणाच्या पोटरीत खुंट, की तिला बोलावणं. सगळे वाचले असंही कुणी म्हणत नाही.

म्हातारपणी ती एकटीच रानात गेली आणि खुंटावर पडली. सापडली तेव्हा कळक पायात तसाच होता, लुगडं फाडून नीट बांधलेला. मुठीत स्वतःच्याच पायाची बोटं होती. विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हा पुरायची रीत होती. पुरताना तरी कळक काढू, असं माणसं म्हणाली. भिवा म्हणाला, "उपसायचा न्हाई." तशीच पुरली. आणि असं म्हणतात, त्या कळकानं खरंच मूळ धरलं. तिथं कळकाचं मोठं बेट झालंय. त्याला कोयता लावत नाहीत.

अजूनही कळकेवाडीत कुणी पडलं की आधी एकजण पायाशी बसतो, बोट धरतो आणि म्हणतो, "धुरपाई विचारतीय, कुठलं बोट?" उत्तर येईपर्यंत कुणी बोलत नाही.

माणूस गेलेलं असलं तरी, उचलायच्या आधी एकदा विचारतात. थोडं थांबतात. मग उचलतात.