पडदे नसलेलं वाद्य

खूप खूप जुन्या काळी वाळवंटाच्या कडेला एक अरबी नगर होतं. तिथं सफिया नावाच्या वादक बाईनं एक संगीतशाळा उभी केली. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी म्हणत. शाळेत शिकवायचं वाद्य एकच, ऊद. याला आपल्या सतारीसारख्या तारा असतात, पण स्वरांच्या जागा दाखवणारे पडदे नसतात. बोट नेमकं कुठं टेकवायचं, ते कानानंच शोधायचं. नवी पोरं शोधताना असा काही कल्ला करत, की शेजारचे उंटसुद्धा उठून पलीकडे जाऊन बसत!

सफिया थकली, तेव्हा शाळा तिच्या लाडक्या शिष्याकडे, नौफलकडे आली. माणूस गुणी, पण बेसूर ऐकलं की त्याच्या कपाळावर आठी पडे. त्यात एकदा सुलतान शाळेत आले आणि पोरांचं वाजवणं ऐकून हसले. झालं! नौफलच्या ते जिव्हारी लागलं. त्यानं सगळ्या वाद्यांच्या दांडीवर पडदे बांधून टाकले. आता स्वर ठरलेल्या जागीच निघणार, चुकायची सोयच उरली नाही. सुलतान खूश झाले, शाळेचं नाव दूरदूर गेलं. नवी पिढी पडद्यांवरच शिकून मोठी झाली.

पुढे सफियानं अंथरूण धरलं. तरुणपणी स्वतः बांधलेली रचना जग सोडण्याआधी एकदा ऐकायची आहे, असा तिनं निरोप धाडला. नौफल आपले सगळ्यात चांगले विद्यार्थी घेऊन तिच्या उशाशी बसला. त्यांनी ती रचना अगदी स्वच्छ वाजवली, नाव ठेवायला जागा नाही.

सफियानं डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे रे. कुणाची रचना ही?"

नौफलला आपली चूक उमगली. त्या रचनेचा सगळा जीव दोन पडद्यांच्या मधल्या स्वरात होता, आणि तिथं जायची वाटच त्यानं बंद केली होती.

"तुमचीच आहे, खाला," तो कसाबसा म्हणाला.

त्यानं तिथल्या तिथं आपल्या वाद्याचे पडदे कापले आणि बोट टेकवलं. स्वर काही लागेना. इतक्या वर्षांत त्याचं बोटही ती जागा विसरलं होतं. सफियानं हात पुढं केला आणि त्याचं बोट तसूभर सरकवलं.

"इथं," ती म्हणाली.

तो एक स्वर तिनं ऐकला. पुरी रचना ऐकायला मात्र ती उरली नाही.

दुसऱ्याच दिवशी शाळेतले सगळे पडदे उतरले. पुन्हा कल्ला सुरू झाला, सुलतान पुन्हा हसले. नौफल मात्र एकेका पोराचं बोट हातात धरून सरकवत राहिला.

चूक आत येऊ नये म्हणून आपण जे दार लावतो, त्याच दारातून सौंदर्यही आत येत असतं.