वस्तरा उलटा की सुलटा

“आणि वस्तरा उलटा फिरवला तर?”

धृतिमती माताजींनी नुसतं वर बघितलं.

“म्हणजे मानेकडून कपाळाकडं,” त्रिशलानं हातानं करून दाखवलं. “सुलटा फिरवून झालाय, माताजी. काही उपयोग झाला नाही. उलट्या वस्तऱ्यानं मुळं जागी होतात म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

त्रिशलानं नजर चुकवली. कारण म्हणणारी तीच होती.

इचलकरंजीत तिचं पार्लर होतं आणि पार्लरपेक्षा मोठं नाव होतं. केस वाढवायचे असतील तर आधी ते कापायला शिका, असं ती येणाऱ्या प्रत्येकीला ठणकावून सांगायची. कापायचे तर शुक्ल पक्षात. टोकं सरळ नाही, तिरकी. पातळ केसांना गरम कात्री, राठ केसांना वस्तरा. बायका लांबलांबून यायच्या, आरशात मान वळवून वळवून बघायच्या आणि खूश होऊन जायच्या. त्रिशला मगदूमच्या खुर्चीत बसलं की टकल्यालाही भांग पडतो, अशी गावात थट्टाच होती. त्रिशला त्यावर हसायची, पण नाही म्हणायची नाही. स्वतःच्या कौतुकाला नाही कोण म्हणतं?

दिव्याखाली अंधार म्हणतात तो मात्र तिच्या शेजारीच सतरंजीवर बसला होता. तिची लेक, चंदना. वय दहा. डोक्याला निळा स्कार्फ, कपाळापासून मानेपर्यंत घट्ट आवळलेला.

दोन वर्षांपूर्वी चंदनाच्या कानामागं रुपयाएवढी चाई पडली. मग दुसरी. बघता बघता सगळं डोकं मोकळं झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, केस येतील किंवा नाही येणार, पण डोक्याशी खेळ करू नका, वाट बघा.

वाट बघणं त्रिशलाला जमणारं नव्हतं. तिच्या हातांना एकच काम येत होतं. तान्ह्या मुलाचं जावळ काढलं की केस दाट येतात हे सगळं जग सांगतं, मग दहा वर्षांच्या मुलीचे का येऊ नयेत? डोक्यावर थोडी लव दिसली की ती वस्तरा लावायची. पुन्हा लव यायची, ती पुन्हा काढायची. आता उद्या चौथी खेप होती. तिथी चांगली होती. फक्त उलटा की सुलटा, एवढंच ठरत नव्हतं.

आणि हे विचारायला ती नदीकाठच्या या बस्तीत, जैन मंदिरात, का आली होती? तर माताजी चाळीस वर्षं स्वतःचे केस स्वतःच्या हातानं उपटत होत्या. जैन साध्वींचा तो केशलोचाचा नेमच असतो, कात्री नाही, वस्तरा नाही, नुसती बोटं. आणि दर खेपेला ते परत येत होते, तितकेच दाट. त्रिशलानं मनाशी हिशेब केला होता की मुळासकट उपटूनही ज्यांचे केस परत येतात, त्यांना मुळांचं गुपित ठाऊक असणारच. हुशार माणसाचं चुकलं की असं पद्धतशीर चुकतं.

“मी केस वाढवत नाही, त्रिशला,” माताजी म्हणाल्या.

“तेच तर! तरी वाढतात.”

माताजी हसल्या. वय सत्तरीचं, अंगावर एक पांढरं लुगडं, समोर मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. एवढाच संसार.

“तू एवढी डोकी हाताळलीस. एक सांग. कापलेल्या टोकाची बातमी मुळाला कळते?”

त्रिशला सतरंजीचा दोरा ओढत राहिली.

“कळते का गं?”

“नाही, माताजी.” त्रिशलाचा आवाज उतरला. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कापलेले केस दाट दिसतात, दाट होत नाहीत. दिसण्यावरच तर दुकान चाललं होतं. “पण काहीतरी करायला पाहिजे की नको? हातावर हात ठेवून आईनं बसायचं कसं?”

 माताजी उठून पाटावर जाऊन बसल्या, कारण केशलोचाची वेळ झाली होती.

ओवरीत गावातल्या बायका जमल्या होत्या. त्यांनी हलक्या आवाजात स्तवन धरलं. माताजींना त्या दिवशी उपास होता, पाणीसुद्धा नाही. समोर वाटीत राख होती, केस बोटांतून निसटू नयेत म्हणून. त्यांनी बोटं राखेत बुडवली, कपाळावरची एक बट चिमटीत धरली आणि ओढली.

बारीकसा आवाज झाला. ओल्या मातीतून गवत उपटावं तसा.

मग दुसरी बट. मग तिसरी...

 त्रिशलानं आयुष्यभर केसांचं काम केलं होतं. केस धुतले होते, रंगवले होते, झाडून सुपलीत भरून टाकले होते. पण केस म्हणजे काय, हे जणू ती आज पहिल्यांदा बघत होती. प्रत्येक केसाच्या बुडाशी पांढरा ठिपका होता. आणि माताजींचा चेहरा शेंगा सोलत बसलेल्या बाईच्या चेहऱ्यासारखा निवांत. कपाळाला आठी नाही. डोळ्यांत पाणी नाही. त्रिशलाला भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग असं काहीतरी वाटलं की तिचे हात आपोआप जुळले.

“माताजी, दुखतं?”

चंदनानं विचारलं होतं. त्रिशलानं तिला दटावायला हात उचलला, पण माताजींची बोटं थांबली होती. स्तवन म्हणणाऱ्या बायकाही थांबल्या. केशलोच चालू असताना माताजी कधी बोलत नसत.

“दुखतं,” माताजी म्हणाल्या.

“मग तुम्ही रडत का नाही?”

“माझे मीच काढते ना, म्हणून.” माताजींनी तिच्याकडं नीट बघितलं. “तुझे गेले तेव्हा दुखलं?”

“नाही. आपोआप गेले.”

“मग रडली नाहीस?”

चंदनानं आईकडं बघितलं. मग खाली बघितलं.

“मम्मी वस्तरा लावते तेव्हा मी रडते. पण तिला दिसत नाही. ती माझ्या मागं उभी असते.”

...

  मागं उभं राहूनच त्रिशला काम करत आली होती, सगळ्यांचं आणि लेकीचंही. समोर आरसा असायचा. पण वस्तरा चालवताना तिची नजर डोक्यावर असायची, आरशात नसायची.

माताजींनी पुन्हा बोटं राखेत बुडवली.

नदीकडून वारा आला तेव्हा अर्धं डोकं झालं होतं. पाटाभोवती पडलेले केस हलले, उडाले आणि फरशीवर पसरले. ओवरीच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती.

“अगं बाई, गोळा करा, गोळा करा!” एक म्हातारी ओरडली. “मुंग्या गुंततील त्यात! जीव जातील!”

बायकांची धांदल उडाली. ज्या कापडात केस घ्यायचे ते आत राहिलं होतं. कुणी पदर पसरायला पुढं झाली, तर कुणी कापड आणायला धावली.

चंदना कुणाची वाट बघत बसली नाही. तिनं मानेमागची गाठ सोडली. एका झटक्यात डोक्याचा निळा स्कार्फ काढला, मुंग्यांच्या आणि केसांच्या मधे फरशीवर पसरला आणि गुडघे टेकून एकेक केस उचलून त्यात ठेवायला लागली.

त्रिशला अर्धवट उठली.

दोन वर्षांत हे डोकं आई आणि डॉक्टरांशिवाय कुणी बघितलं नव्हतं. शाळेत स्कार्फ, लग्नात स्कार्फ, झोपतानासुद्धा स्कार्फ. बाथरूमची कडी लावल्याशिवाय ती पोर गाठीला हात लावत नव्हती. आणि आज एवढ्या बायकांसमोर, भर उजेडात, तिला आपलं डोकं उघडं आहे याचं भानच नव्हतं. तिचं सगळं लक्ष मुंग्यांकडं होतं.

“थांब गं, थांब,” ती एका मुंगीला सांगत होती. “पाय सोडवते तुझा.”

 मघाशी ओरडलेल्या म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला.

माताजींनी उरलेले केस उपटले. चंदनानं ते सगळे स्कार्फमध्ये घेतले. शेवटची बट निघाली तेव्हा माताजींच्या डोक्यावर रक्ताचे बारीक ठिपके होते आणि चेहरा होता तसाच होता. दोघी शेजारी बसल्या होत्या, एक सत्तरीची आणि एक दहा वर्षांची. दोघींच्या उघड्या डोक्यांवर एकच ऊन पडलं होतं.

बघता बघता त्रिशलाला स्वतःचा अंबाडा जड वाटायला लागला. एवढा जड की मान धरवेना. केस हा तिचा अभिमान होता, कमरेच्या खाली जाणारे, दाट. पार्लरला वेगळी पाटी नको, तुझी वेणीच पाटी आहे, असं लोक म्हणायचे. लेकीची चाई वाढली त्या दिवसापासून तिनं वेणी घालणं सोडलं होतं. केस घट्ट वळून, पिना खोचून ती ते पदराआड ठेवायची.

तिनं पिना उपसल्या. केस पाठीवर घसरले तशी बायकांमधून कुजबूज उठली. पर्समध्ये कात्री नेहमी असायचीच. तिनं ती काढली.

“माताजी, मीपण काढते. आत्ता. इथंच.”

“कशासाठी?”

“हिच्यासाठी.”

“हिला विचारलंस?”

त्रिशला थांबली. तिनं लेकीसाठी काय केलं नव्हतं? औषधं, तेलं, उपास, तिथ्या, वस्तरा. विचारलं मात्र एकदाही नव्हतं.

“नको!” चंदना स्कार्फ तसाच टाकून उठली. “मम्मी, नको कापू.”

“का गं? आपण दोघी सारख्या दिसू.”

“मला नाही सारखं दिसायचं.” तिनं कात्रीकडं बघितलं. “मग मी वेणी कुणाची घालू?”

“तू कुठं घालतेस माझी वेणी?”

“आधी घालत होते. आता तू देतच नाहीस.”

खरं होतं. आधी रोज रात्री जेवणं झाली की ही पोर मागं येऊन बसायची. वेडीवाकडी वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची.

“अगं राणी...” त्रिशलानं मोकळे केस एका हातात गोळा केले. “तुला वाईट वाटेल म्हणून. तुझे गेले आणि माझे एवढाले. तुझ्या डोळ्यासमोर नकोत म्हणून मी बांधून ठेवते.”

चंदनानं मान वर केली.

“म्हणून?”

“मग कशासाठी? तुला काय वाटलं?”

“मला वाटलं...” चंदनानं हात पाठीमागं नेले. “मला वाटलं माझा हात लागला की तुझेपण जातील. म्हणून तू हात लावू देत नाहीस.”

...

त्रिशलाच्या हातातली कात्री सतरंजीवर पडली.

दोन वर्षं. दोन वर्षं ही पोर आपल्याच हातांना भीत होती, आणि आई तिथी बघत होती. त्रिशलाला रडू आलं, मोठ्यानं आलं, आणि चार बायकांत शोभतं की नाही याचा विचार तिनं आयुष्यात पहिल्यांदा केला नाही.   माताजींनी आज काहीच शिकवलं नव्हतं, आणि तरी समोर बसणं कठीण व्हावं एवढं काहीतरी त्या ओवरीत उलगडून पडलं होतं.

मग त्रिशलानं डोळे पुसले. केस अजून मोकळेच होते.

“माताजी, मग उद्याचा वस्तरा... उलटा, सुलटा... काय करू मी? तुम्हीच सांगा.”

माताजींनी चंदनाकडं बघितलं. तिचे हात अजून पाठीमागंच होते. माताजींनी पिंछी उचलली, त्रिशलाच्या शेजारची सतरंजी हळूच झाडली, एखादा जीव असला तर बाजूला व्हावा म्हणून, आणि चंदनाला तिथं बसायची खूण केली.

“त्रिशला,” त्या म्हणाल्या, “लेकीकडं पाठ करून बस.”