अत्तराच्या दुकानातला बाक

एका नगरात एक अत्तार राहत होता. बदरुद्दीन त्याचं नाव. हाताला यश मोठं, जीभ मात्र तिखट.

बारा वर्षं खपून त्याने एक अत्तर साधलं होतं. मनगटावर लावलं की आधी लिंबाच्या सालीचा तरतरीत वास यायचा. तासा-दोन तासांनी तो विरायचा आणि अंगाच्या उबेने लवंग, वेलची, दालचिनी वर यायची. दिवस कलला की मसालाही निवायचा आणि उरायचा नुसता ऊद. जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडावं, तसा खोल वास. तो एकदा अंगावर बसला की दुसऱ्या दिवशीही जायचा नाही.

म्हणून त्याने दुकानात नियमच केला होता. अत्तर लावायचं, मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत, संध्याकाळपर्यंत थांबायचं आणि मगच तोंड उघडायचं. थांबणाऱ्यांसाठी दाराशी एक बाकही टाकला होता. त्या बाकावर आजवर एका मांजराखेरीज कुणी टिकलं नव्हतं.

लोक यायचे, अत्तर लावायचे, मनगटं खसाखसा घासायचे, हुंगायचे आणि निकाल देऊन मोकळे! "हे तर सरबत आहे." "लोणच्यात घालायला बरं." एका शहाण्याने तर चाटून पाहिलं. बदरुद्दीन कपाळावर हात मारून घ्यायचा. "अहो, घासू नका! मनगट आहे, पातेलं नाही!" पण ऐकतो कोण? हात पुसायचे आणि समोरच्या चंपालालकडे चालू लागायचे. चंपालालचा केवडा पहिल्याच दमात नाकात शिरायचा आणि पायरी उतरेपर्यंत उडूनही जायचा. तरी गर्दी त्याच्याचकडे. वैताग येणार नाही तर काय होणार?

अशात राजकन्येचं लग्न ठरलं. सगळ्या वऱ्हाडाला लावायला एकाच दुकानातून अत्तर जाणार होतं. बदरुद्दीनच्या मनाने घेतलं, जाईल तर आपलंच जावं. वऱ्हाड दिवसभर मांडवात बसणार. निदान एकदा तरी अख्खं नगर उदापर्यंत पोचेल! त्याला दुसरं काही नको होतं.

एके दिवशी सकाळी आवडाबाई नावाची एक साधीशी बाई दुकानात आली. तिने अत्तर लावून घेतलं, घासलं नाही, काही बोललीही नाही आणि आपल्या वाटेने गेली. बदरुद्दीनने तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पुढे दिवसभरात नऊ जणांनी त्याला लिंबू ऐकवलं. संध्याकाळी त्याचं डोकं पार तापलेलं असताना ती बाई पुन्हा पायरी चढून आली. बोलणं तिचं संथ.

"अत्तारभाऊ, सकाळी लावलं तेव्हा मला वाटलं, हे तर लिंबू..."

"झालं! दहावं लिंबू!" बदरुद्दीन उसळला. "बाई, भाजीबाजार पलीकडच्या गल्लीत आहे. तिकडे जा!"

"अहो, पण मग दुपारी..."

"दुपारी मसाला! ठाऊक आहे मला! नऊ जणांनी अक्कल शिकवलीय, आता तुम्ही नका शिकवू. चला, निघा!"

आवडाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं, पदर सावरला आणि पायरी उतरली.

दुसऱ्या दिवशी चंपालालच्या दारात राजवाड्याची गाडी उभी राहिली. केवड्याच्या कुप्या गाडीत ठेवून घेणारी बाई कोण, तर कालचीच! राणीसाहेबांनी अत्तर पसंत करायला आपल्या या खास दासीला धाडलं होतं. बदरुद्दीन अनवाणीच धावला.

"बाई, काल तुम्हाला उदाचा वास आला होता का?"

"आला की." तिने मनगट पुढे केलं. "बघा, अजून आहे. असं अत्तर उभ्या जन्मात पाहिलं नाही. तेच सांगायला आले होते."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतच होते," आवडाबाई म्हणाली. "तुम्ही मला लिंबापाशीच पुसून टाकलंत."

गाडी निघून गेली. बदरुद्दीन दुकानात परतला. त्याने बाकावरचं मांजर उठवलं आणि संध्याकाळपर्यंत तिथे स्वतः बसून राहिला.

तात्पर्य: आपली पारख लोकांनी सावकाश करावी असं ज्याला वाटतं, त्याने आधी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं.