तुतीच्या गावचा कोल्हा

पूर्वी चीनदेशात एक राजा राज्य करीत असताना (त्याचे नाव आता त्याच्या वंशजांनाही आठवायचे नाही) बोधिसत्त्व कोल्ह्याच्या योनीत जन्मला. धुक्यात बुडालेल्या डोंगरावर तो नऊशे नव्व्याण्णव वर्षे तप करीत होता. त्या देशात कोल्ह्याला तपाने माणसाचे रूप घेता येई, आणि हजार वर्षे भरली की स्वर्गाचे दार उघडे. अट एकच. शेवटच्या वर्षी माणसाचे रूप घ्यायचे नाही. घेतले की सारे तप पाण्यात.

डोंगराखाली तुतीच्या मळ्यांचे गाव होते. रेशीमकिडे वाढीला लागले की तिथे महिनाभर घरोघरी दारे बंद. परक्याची सावली पडली तर किडे मरतात, अशी समजूत. शेजारीसुद्धा उंबरा ओलांडत नसे. नेमकी त्याच दिवसांत मेइलान नावाची एकटी म्हातारी तापाने आडवी झाली. किडे पाने कुरतडत होते, घरभर त्यांची सरसर भरून होती, आणि उशाशी पाण्याचा थेंब नव्हता.

कोल्ह्याने खिडकीतून ते पाहिले. त्याचा जीव तुटला. पण पंजांनी विहिरीचे पाणी शेंदता येत नाही. त्याने एकदा डोंगराकडे पाहिले आणि दूरगावी दिलेल्या तिच्या मुलीचे, शुयिंगचे, रूप घेतले.

महिनाभर त्याने तिला पेज पाजली, किड्यांना पाला घातला. एका पहाटे हजार वर्षे भरली. धुके सोनेरी झाले, डोंगरमाथ्यावर दार उघडले, आतून घंटांचे मंद सूर आले. ते दार आता आपले नाही, हे ठाऊक असूनही त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात पेज उतू जाऊ लागली, आणि तो चुलीकडे वळला.

म्हातारी उठून बसू लागली. आता खोटे रूप त्याच्या मनाला खाऊ लागले. हात जोडून तो म्हणाला, "आई, मी शुयिंग नाही. डोंगरावरचा कोल्हा आहे."

"पहिल्याच दिवशी कळले, बाळा," मेइलान म्हणाली. "शुयिंग माझ्यापाशी इतका वेळ कधी बसली नव्हती."

जमलेल्या भिक्षूंना एवढी गोष्ट सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची मेइलान म्हणजे आज कुटीत आजारी पडलेले वृद्ध भिक्षू, स्थविर नंदिसेन. तो कोल्हा मी होतो. आणि शुयिंग म्हणजे त्यांचा शिष्य सुजात, ज्याला ध्यानातून त्यांच्याकडे जायला सवड होत नाही."

प्रवचन संपायची वाट न पाहता सुजात उठला आणि कुटीकडे चालू लागला. शास्ते त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत म्हणाले, "करुणा म्हणतात ती हीच."