डावा जोडा, उजवा जोडा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की तेव्हा राजेसुद्धा महत्त्वाच्या कामाला पायी जात. पालख्या होत्या, हत्ती होते, पण काम मोठं असलं की राजाने आपल्याच पायांनी जायचं, अशी रीत होती. त्यामुळे राजाच्या जोड्यांना भारी मान असे. हसू नका, पोरांनो. आणि मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही हसू नका.

अशा एका राज्यात राजाचे जोडे सांभाळणारी एक बाई होती. राजवाड्याच्या मागच्या अंगाला तिची खोली होती. त्या खोलीला सगळे जोडेखाना म्हणत. बाईच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची काळी झाली होती. त्या दोन बोटांना ती मऊ फडकं गुंडाळायची. मेण, तेल आणि काजळी घोटून केलेला लेप फडक्याला जरासा लावायची, त्यावर पाण्याचा एक थेंब सोडायची, आणि कातड्यावर लहान लहान गोल फिरवत राहायची. एक थर बसला, की तो सुकू द्यायचा. मग दुसरा. असे चाळीस थर झाले, की जोड्याच्या टोकात छताचे वासे स्पष्ट दिसत.

हे काम घाईने होत नाही, आणि बाईला घाई ठाऊकच नव्हती. ती हट्टी होती. कुणी तसं तोंडावर म्हटलं, तर ती खूश व्हायची.

या राज्यातली नदी शेजारच्या राज्यातून वाहत येत असे. दर बारा वर्षांनी दोन्ही राजे सीमेवरच्या कातळावर भेटत. एकमेकांसमोर गुडघा टेकत, नदीचं पाणी ओंजळीने पीत, आणि पुढची बारा वर्षं पाणी वाहतं ठेवायचं वचन देत. गुडघा टेकला नाही, तर वचन नाही. वचन नाही, तर शेजारी वरच्या अंगाला बांध घालायला मोकळा. खाली चौदा गावं त्या पाण्यावर जगत होती. बाईचं माहेर त्यातलंच एक.

यंदा भेटीला नवा राजा जायचा होता. मागच्या भेटीच्या वेळी तो लहान होता, वडिलांचं बोट धरून कातळावर उभा होता. तेव्हा शेजारचा राजा त्याच्या वडिलांना हसत म्हणाला होता, "काय हो, तुमच्या जोड्यांना तुमच्याआधी सुरकुत्या पडल्या!" वडील हसले होते. पोराला मात्र ते वाक्य झोंबलं, आणि बारा वर्षं झोंबतच राहिलं.

भेटीला सात दिवस उरले असताना राजा जोडेखान्यात आला.

"बाई, या खेपेला जोडा टोकापासून टाचेपर्यंत आरशासारखा हवा. कुठेही सुरकुती दिसता कामा नये."

"टोक करते, महाराज. टाचही करते," बाई म्हणाली. "पण बोटांच्या मुळाशी ही घडी पडते ना, तिथं नाही करायची. तिथं तेलाचं नुसतं बोट फिरवायचं."

"का?"

"तिथं जोडा वाकतो. चकाकीचा थर कडक असतो. वाकला की तडकतो, आणि कातडंही फाडतो."

राजाला हे मुळीच पटलं नाही. त्या दिवसांत गावात लाकडी खेळणी रंगवणारा एक कारागीर आला होता. त्याच्या बाहुल्या अशा चकाकत, की पोरं त्यांच्यात बघून दात मोजत. राजाने त्याला बोलावलं. तो म्हणाला, "एका दुपारचं काम आहे, महाराज. लाखेचं रोगण देतो. सुरकुती औषधालाही उरणार नाही." माणूस खोटारडा नव्हता. पण त्याने आयुष्यभर बाहुल्याच रंगवल्या होत्या, आणि बाहुल्या काही चालत नाहीत.

राजाने उजवा जोडा त्याला दिला आणि डावा बाईला. म्हणाला, "बघू कोण जिंकतं."

उजवा जोडा दुसऱ्याच दिवशी तयार झाला. टोकापासून टाचेपर्यंत लखलखाट! सगळा दरबार बघायला लोटला. राजाने जोडेखान्यात निरोप धाडला, की डावाही ताबडतोब पाठवा, त्यालाही रोगण द्यायचं आहे.

बाईने निरोप्याला सांगितलं, "अजून अठ्ठावीस थर व्हायचेत. अर्धवट काम मी हातातून सोडत नाही."

तिसऱ्या दिवशी पुन्हा निरोप आला. "सव्वीस थर व्हायचे आहेत का बाई अजून?" निरोप्याने चेष्टेने विचारलं. बाईने मान वर केली नाही. फडकं फिरत राहिलं. पाचव्या दिवशी खुद्द कारभारी आले, रागावले, जोडेखान्यातून काढून टाकायची भाषा करू लागले. बाईला भीती वाटली. वाटणारच, दुसरं कुठलं काम तिला येत नव्हतं. तरी तिने एक थेंब पाणी टाकलं आणि पुढचा गोल काढला.

सातव्या दिवशी सकाळी तिने डावा जोडा स्वतः नेऊन राजापुढे ठेवला. टोक आणि टाच काळ्या पाण्यासारखी चमकत होती. घडीवर मात्र साधं, मऊ, तेल प्यायलेलं कातडं होतं. रोगण सुकायला आता वेळ नव्हता. राजाचा चेहरा लाल झाला.

"आज तुमच्यामुळे मला दोन तऱ्हेचे जोडे घालून जावं लागतंय. परत आल्यावर जोडेखान्याची किल्ली ठेवा आणि निघा."

"ठेवीन, महाराज. पण आज सोबत येते. जोडे पुसायला कुणीतरी लागेलच."

मिरवणूक निघाली. पहिल्या शेताच्या कडेला उजव्या जोड्यातून 'टक्' असा बारीक आवाज आला. राजाने खाली पाहिलं. रोगणावर केसाएवढी एक रेघ उमटली होती. त्यानंतर राजाने उजवं पाऊल मोडायचंच सोडून दिलं. डावा पाय नीट टाकायचा, आणि उजवा फळीसारखा उचलून ठेवायचा, असा तो तीन कोस चालला. वाटेतल्या बायका आपसात म्हणाल्या, "अगं बाई, नवा राजा लंगडा दिसतो!"

कातळावर शेजारचा राजा आधीच येऊन थांबला होता. आता तो चांगलाच म्हातारा झाला होता. त्याने नव्या राजाला नमस्कार केला, एका हाताने काठी रोवली, कण्हत, ओठ आवळत, हळूहळू उजवा गुडघा कातळावर टेकला आणि वाट पाहू लागला.

आता आपल्या राजाची पाळी. लहानपणापासून त्याला उजवाच गुडघा टेकायची सवय. त्यासाठी उजव्या पायाची बोटं मागे मोडायला हवीत. तो जरासा वाकला. 'कट्!' तो झटकन ताठ उभा राहिला.



म्हातारा राजा खालून वर बघत होता. शेवटी तो म्हणाला, "मी या वयात खाली बसलोय, बाबा. तुझ्याने होत नसेल, तर तसं सांग. मी उठतो. मग मात्र वचनाचं नाव काढायचं नाही."

त्याच्या माणसांनी त्याला उठवायला हात पुढे केले. चौदा गावांची माणसं मागे उभी होती.

तेवढ्यात गर्दीतून बाई ओरडली, "महाराज, डावा टेका! डावा वाकेल!"

राजाने मागे पाहिलं. आज किल्ली ठेवून जाणारी ती बाई, काळ्या बोटांत फडकं धरून उभी होती, आणि अजूनही त्याचंच काम सावरत होती. राजाला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

त्याने डावा गुडघा टेकला. डावा जोडा घडीवर अलगद वाकला. आवाज नाही, रेघ नाही. टोक तसंच चमकत राहिलं. गुडघा टेकायची रीत पुरी झाली होती. तो तिथेच थांबला असता, तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

पण राजाने दात आवळले आणि उजवा गुडघाही टेकला. कडाकडा आवाज झाला. रोगणाचे पापुद्रे कातळावर उडाले, जोडा घडीवर उभा-आडवा फाटला. राजाने तिकडे पाहिलंही नाही. दोन्ही गुडघ्यांवर बसून त्याने ओंजळभर पाणी घेतलं आणि म्हाताऱ्या राजासमोर तो ते प्याला.

म्हातारा हसला. "तुझ्या वडिलांना मी सुरकुत्यांवरून चिडवलं होतं, आठवतं? पण त्यांचे ते जोडे बघूनच मी बिनघोर वचन दिलं होतं. हा माणूस ताठून बसणारा नाही, हे त्या जोड्यांवरूनच कळत होतं."

नदी वाहती राहिली. परत आल्यावर बाईने किल्ली पुढे केली. राजाने ती घेतली नाही. उलट फाटका जोडा तिच्यासमोर ठेवून विचारलं, "हा बरा होईल का?"

"पहिल्यासारखा नाही व्हायचा. पण घालता येईल," बाई म्हणाली, आणि कामाला बसली. महिनाभर ती रोगण खरवडत होती, टाके घालत होती, तेल मुरवत होती. राजाने पुढे जन्मभर तेच जोडे घातले. उजव्यावरचे टाके त्याने कधी झाकले नाहीत. खेळणीवाल्याला शिक्षा झाली नाही. तो पुन्हा बाहुल्या रंगवू लागला, आणि त्या फार सुंदर होत्या.

तात्पर्य : जिथे वाकायचं असतं, तिथे चकाकीचा थर चढवू नये, मग तो जोडा असो की माणूस.