हौसामाळावरचे रिकामे पाट

भाऊबीजेच्या संध्याकाळी हौसामाळावर गेलात, तर कातळावर रिकामे पाट मांडलेले दिसतील. भोवती रांगोळी असते, पण पाटावर कुणी बसत नाही. नवा माणूस विचारतो, तेव्हा गावचे शिदूनाना त्याला पडक्या वेधशाळेच्या पायरीवर बसवतात आणि सांगू लागतात.

फार मागची गोष्ट. या माळाला तेव्हा नावच नव्हते. वरच्या वेधशाळेत हौसा कामाला होती. एकाच आभाळाचे, निरनिराळ्या रात्री काढलेले काचेवरचे फोटो ती शेजारी शेजारी ठेवून बघायची. तारे आपापल्या जागी असतात. जो ठिपका सरकला, तो सूर्याभोवती फिरणारा दगड. मंगळ आणि गुरू यांच्या मधे असे दगड पुष्कळ आहेत म्हणे. त्यातला एक, आजवर कुणी न पाहिलेला, हौसाला सापडला.

तिचा धाकटा भाऊ भिका. मधली भावंडे जगली नाहीत, म्हणून देवापुढे पदर पसरून मागून घेतलेला. शाळा लवकर सुटली, डोके तापट. कुणी 'भिक्या' म्हणून हसले, की हा अंगावर धावून जायचा.

त्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर हौसा म्हणाली, "माझ्या दगडाला नाव द्यायचंय."

"तुझंच दे की."

"शोधणाऱ्यानं स्वतःचं द्यायचं नसतं, येड्या."

"मग देवाचं दे."

"देवांची कधीच देऊन झाली. बघते कुणीतरी बिनकामाचा."

पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि बघता बघता हौसा गेली. राख सावडून भिका तसाच वेधशाळेत गेला. तिथले प्रमुख आगाशेसर, त्यांना म्हणाला, "आता तिचं नाव द्यायला काय हरकत आहे?" सर म्हणाले, दगडाची वाट नक्की ठरल्याशिवाय नाव लागत नाही, त्याला वर्षे जातात. ते पुढेही काही सांगत होते, पण भिका थांबला नाही. माळावर उभा राहून त्याने शपथ घेतली, असे सांगतात: हौसाचे नाव वर लागेल, तेव्हाच भाऊबीजेच्या पाटावर बसेन. चुलतबहिणी बोलावून थकल्या. तो गेला नाही.

मग एका भाऊबीजेला आगाशेसर स्वतः खाली आले. "नाव लागलं," एवढे ऐकताच भिकाने भिंतीला टेकवलेला पाट ओढला. सर म्हणाले, "भिका, तुझं नाव लागलंय. तिनंच सांगून ठेवलं होतं. म्हणाली, या नावाला खाली सगळे हसतात, वर तरी कुणी हसणार नाही."

"बदला."

"लागलेलं नाव बदलत नाहीत रे."

भिका पाट उचलून माळावर गेला. वेडीवाकडी रांगोळी काढली, पाट मांडला. शपथ पुरी झाली नव्हती, म्हणून बसला नाही. चंद्राची कोर मावळेपर्यंत उभा होता. सर मागून आले, तेव्हा एवढेच बोलला, "मी वर एकटा काय करू? आणि हिला कुठं ठेवू?"

त्यानंतर जन्मभर, कुठे चाललास विचारले की तो सांगायचा, "हौसाच्या माळावर." दुसरे काही म्हणणाऱ्याशी भांडायचा. अखेर गावाच्या तोंडी तेच नाव बसले.

आजही बहीण गेलेला भाऊ त्या संध्याकाळी वर येतो, पाट मांडतो, आणि बाजूला उभा राहतो. तो दगड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तरी उतरण्याआधी प्रत्येक जण वर बघून एकदा 'भिका' म्हणतो. आणि कुणीही हसत नाही.