कुमुदिनीने नाव घेतले

एका राज्यात नवऱ्याचे नाव घेणे म्हणजे त्याच्या आयुष्यातला एक दिवस तोडून कावळ्याला घालणे, असे मानत. म्हणून तिथल्या बायका नाव घेत नसत. घेतलेच तर लग्नाच्या मांडवात, एकदाच, उखाण्यात; मग जन्मभर ‘अहो’. राणी कुमुदिनीने तर मांडवातही घेतले नाही. करवल्यांनी चिमटे काढले, आत्याबाईंनी डोळे वटारले, पण हिने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. नवऱ्यावर इतका जीव, की त्याचा एक दिवससुद्धा तिला कुणाला द्यायचा नव्हता.

राजा सोमध्वज हसून म्हणे, “राणी, एकदा तरी घे. तुझ्या तोंडून ते कसं लागतं, मला ऐकायचंय.”

“संक्रांतीला घेईन,” ती म्हणे. संक्रांती आल्या नि गेल्या. तीन पावले अंतर राखून ती त्याच्यामागून चाले, त्याची पाठ डोळे भरून बघे, आणि मनातल्या मनात हजारदा नाव घेई. ओठांना मात्र कुलूप.

एके दिवशी राजा शिकारीला गेला. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये एक काळे सरोवर होते. राजाला तहान लागली, तो पाण्यावर वाकला. पाण्यातून एक गोरा हात वर आला, त्याने राजाचे मनगट धरले, आणि राजा आत गेला. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. घोडा तेवढा घरी आला.

प्रधान म्हणाला, “राणीसाहेब, धीर धरा. गेलेलं माणूस परत येत नाही.”

“बोलावल्याशिवाय कसं येईल?” राणी म्हणाली. तिने पदरात एक भाकरी बांधली आणि घोड्याच्या खुरांच्या मागावरून ती निघाली.

सरोवराच्या काठी उंबरावर एक साळुंकी बसली होती. त्या राज्यात साळुंक्या बोलत, आणि जरा जास्तच बोलत.

“खाली यक्षिणी तमालिकेचं राज्य,” साळुंकी म्हणाली. “ती लोकांचे नवरे ओढून नेते आणि त्यांच्या सावल्या करून ठेवते. वाटेत आधी नावाडी, मग कुत्रा, मग ती स्वतः. नावाडी मागेल ते दे. कुत्र्याला भिऊ नकोस. तिच्याशी खोटं बोलू नकोस.”

“आणि परतीची वाट?”

“ती आजवर कुणी विचारली नव्हती,” साळुंकी म्हणाली, आणि पहिल्यांदाच गप्प बसली.

सरोवरात पायऱ्या होत्या. कुमुदिनी उतरत गेली. पाण्याने तिला भिजवले नाही. पायऱ्या संपल्या तिथे एक नदी वाहत होती, तीही काळी, आणि नदीवर म्हातारा नावाडी होता.

“पलीकडे न्यायचं काय घेता?”

“तुझ्या केसांचा काळा रंग,” नावाडी म्हणाला. “नदीला पुरत नाही अलीकडे.”

तिचे केस गुडघ्यांपर्यंत होते. सोमध्वज स्वतःच्या हाताने त्यांत शेवंतीची वेणी माळत असे. तिला रडू आले, पण तिने हो म्हटले. नाव पलीकडे लागेपर्यंत केस कापसासारखे पांढरे झाले.

पलीकडे कुत्रा होता. तोंडे तीन, पोट एक. कुमुदिनीने भाकरी मधल्या तोंडापुढे टाकली. उजवे तोंड डाव्यावर गुरकावले, डाव्याने मधल्याचा कान धरला. खाऊन जायचे होते एकाच पोटात, तरी भांडण! भाऊबंदकी पाताळालाही चुकलेली नाही. ती हळूच बाजूने निघून गेली.

पुढे सभामंडप होता. छताला माणके लटकत होती, पण उजेड कशातूनच येत नव्हता. खाली माणसेच माणसे, सगळी पाठमोरी, सगळी धुरकट. सिंहासनावर यक्षिणी तमालिका बसली होती. ती फार सुंदर होती आणि फार थकलेली होती.

“कशासाठी आलीस?”

“माझ्या माणसासाठी.”

“इथला कायदा सोपा आहे. ज्याला त्याच्या माणसानं बोलावलं, त्याला मी धरून ठेवू शकत नाही. बोलाव.”

कुमुदिनीचा ऊर भरून आला. एवढेच ना! तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि साऱ्या जिवाने हाक मारली, “अहो!”

मंडपातल्या सगळ्या सावल्या वळल्या.

हजारो नवरे. कुणाचीच बायको त्याला दुसरे काही म्हणाली नव्हती. सगळे आशेने बघत होते आणि एकाचाही चेहरा त्या अंधारात दिसत नव्हता. कुमुदिनी मटकन खाली बसली.

यक्षिणी हसली नाही. “सातशे वर्षं मीही हेच करतेय,” ती म्हणाली. “माझा यक्ष याच गर्दीत आहे. एका मांत्रिकाचा शाप. मी नावानं हाक मारली तर तो सुटेल, आणि त्याच्याबरोबर हे सगळे सुटतील. मी लग्नात एकदाच नाव घेतलं होतं गं. पुन्हा जिभेवर आणलं नाही, आणि आता आठवत नाही. चांगली बायको होते ना मी! कुणीही पाठमोरा दिसला, की मला वाटतं तोच. म्हणून ओढून आणते. तो नसतो.”

“नाव घेतलं तर त्यांचं आयुष्य कमी होईल,” कुमुदिनी पुटपुटली.

“इथं आलेल्याचं आणखी किती कमी करशील?”

कुमुदिनी उठली. पहिल्यांदा तोंड उघडले तर आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा अर्धे नाव बाहेर आले आणि लाजेने घशात परत गेले. इतकी वर्षे जपून ठेवलेले ते नाव, त्याला बाहेरची हवा माहीत नव्हती. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले.

“सोमध्वज!”

गर्दीत, खूप लांब, एक सावली हलली.

“पाठ फिरव,” यक्षिणी घाईने म्हणाली. “तू पुढे चाल, तो मागून येईल. वर, दोघांच्या अंगावर ऊन पडेपर्यंत वळून बघू नकोस. बघितलंस, तर तो परत माझा.”

कुमुदिनी निघाली. नावाड्याने दोघांना निमूट पलीकडे नेले, की एकटीलाच नेले, तिला कळले नाही. जन्मभर ती त्याच्यामागून चालली होती. पुढे कसे चालायचे हे तिला ठाऊकच नव्हते. सावलीच्या पावलांना आवाज नसतो. मागे तो आहे का? तोच आहे का? मान वळवावी असे इतके वाटले, की तिने स्वतःचीच वेणी दातांत धरली. मग तिला वाटले, नाव घेत राहावे, म्हणजे त्याला वाट सापडेल. एकदा उघडलेले तोंड तिने मिटले नाही. मांडवातला राहिलेला उखाणा तिने पायरीपायरीवर घेतला.

“पाताळाच्या पायऱ्या चढवेनात सहज,
वळून काही बघत नाही, पाठीशी सोमध्वज.”

तो उखाणा पायऱ्यांवरून घरंगळत खाली मंडपात गेला. तमालिका ऐकत होती. ऐकता ऐकता तिला आपला मांडव दिसला, आपले हळदीचे हात दिसले, आणि सातशे वर्षे अडलेला शब्द तिच्या ओठांवर आला.

“कुवलय!” ती किंचाळली.

“ओ!”

ओ इतकी जवळ घुमली, की कुमुदिनीला ती आपल्या खांद्याशीच आल्यासारखी वाटली. पुरुषाचा आवाज! ती इतकी आसुसली होती, की तिची मान अर्धी वळलीच. पण मग तिच्या लक्षात आले, हाक मारली होती दुसऱ्याच बाईने आणि दुसऱ्याच माणसाला. तिने मान सरळ केली आणि काठावर पाऊल ठेवले.

सकाळ झाली होती, पण डोंगरांमुळे सरोवरावर अजून सावली होती. ती उभी राहिली. तिच्यामागून पाण्यातून माणसे निघू लागली. शाप सुटला होता. ओल्या पावलांनी ते तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होते, शेतकरी, सरदार, सोनार, धनगर, आणि आपापल्या गावाची वाट धरत होते. ती प्रत्येकाचा चेहरा बघत होती. हा नाही. हाही नाही. शेवटचा माणूस गेला. मागे काहीच वाजेना. ती तशीच उभी राहिली. तिला इतके एकटे आयुष्यात कधी वाटले नव्हते.

मग पाठीमागच्या कड्यावरून सूर्य वर आला. ऊन उतारावरून काठापर्यंत सरकत आले आणि तिच्या मानेला लागले. तिची सावली पुढच्या गवतावर पडली. तिने बघितले, शेजारी आणखी एक सावली पडली होती.

मागून आवाज आला. “बाई, आपण कोण?”

ती त्या शेजारच्या सावलीकडेच बघत राहिली.

“कुणीतरी नावानं बोलावलं म्हणून मी आलो,” तो म्हणाला. “वाटभर पांढऱ्या केसांकडे बघत चाललो. आपले उपकार फेडता येणार नाहीत. पण मला लवकर घरी पोचवा. माझी राणी वाट बघत असेल. ती मला कधी हाक मारत नाही. नुसती वाट बघत बसते.”

कुमुदिनी गर्रकन वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती संतापलेली होती.

“इतकी वर्षं संसार केला आणि ओळखलं नाहीत? तीन तोंडांच्या कुत्र्यापुढून गेले मी! केस दिले! गावभर ऐकू जाईल असं नाव घेतलं तुमचं, लाज सोडून! आणि म्हणे, बाई आपण कोण!”

सोमध्वज बघत राहिला. पांढरे केस बघितले, थरथरणारे ओठ बघितले. मग त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि राजा असूनही लहान पोरासारखा रडला.

यक्षिणीने त्यानंतर कुणाचा नवरा ओढून नेला नाही. सरोवराचे पाणी निवळले, गुरे तिथे पाणी पिऊ लागली. त्या दिवशी राजा-राणी पायी घरी गेले. वाट अरुंद होती, दोन्ही अंगांनी करवंदीच्या जाळ्या होत्या, एकामागे एक गेले असते तर सोपे झाले असते. पण पुढे व्हायला कुणी तयार होईना आणि मागे राहायलाही कुणी तयार होईना. ओरखडे सोसत, हात न सोडता, दोघे शेजारी शेजारी चालत राहिले.